इन्फेक्शन कंट्रोलची जबाबदारी नव्याने अंगावर पडली आहे? औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंशी गाठ पडण्याआधी हे वाचा

ऑर्डर हातात पडते, टेबल मिळतं, आधीच्या सिस्टरनी ठेवलेल्या चार जाड फाइली मिळतात. सोमवारी सकाळी नऊ वाजता नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. शंभर ते तीनशे खाटांच्या रुग्णालयात नव्याने इन्फेक्शन कंट्रोल नर्स झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी, आणि अशाच ठिकाणी लॅबमध्ये रुजू झालेल्या नव्या मायक्रोबायोलॉजिस्टसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः लॅबवाली. पण या विषयातलं निम्मं शहाणपण मला वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींकडून मिळालं, आणि तेही बहुतेक वेळा माझी चूक झाल्यावर.

सगळे जिवाणू एकदम डोक्यात घेऊ नका. एकच धरून चला: कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला. याची चाल कळली की ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, एमआरएसए (मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) यांच्यासाठी थोडेफार बदल करावे लागतात, इतकंच.

क्लेब्सिएला माणसाच्या आतड्यात निमूट राहतो. कॅथेटर, व्हेंटिलेटर किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) मिळाली की तिथून लघवीत, फुप्फुसात, रक्तात शिरतो. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधं आपण शेवटची म्हणून राखून ठेवायचो. ती तोडणारं एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात. त्याचं वर्णन २००९ मध्ये छापून आलं. नावात नवी दिल्ली घातल्यामुळे आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. नावावरचा राग समजण्यासारखा होता, पण २०१० मध्येच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांत हे एन्झाइम सापडल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आज आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ च्या कुळातली एन्झाइमं जास्त दिसतात. अमेरिकेत गाजलेलं केपीसी हे तसंच एन्झाइम त्या मानाने कमी.

या एन्झाइमांचे जीन बहुधा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे एका जिवाणूने दुसऱ्याला देता येईल असं डीएनएचं सुटं कडं. म्हणून वॉर्डात आधी क्लेब्सिएला सापडतो आणि पंधरा दिवसांनी ई. कोलायही तसाच निघतो. तेव्हा ‘जिवाणू वेगळा आहे, म्हणजे संबंध नाही’ असं म्हणून फाइल बंद करू नका.

पहिला आठवडा: नुसतं फिरा

कागद-पेन घ्या आणि आयसीयूचा नकाशा काढा. खाटा किती, दोन खाटांमध्ये निदान एक मीटर अंतर आहे का, हँडरबची बाटली कुठे आहे आणि ती भरलेली आहे का, बेसिन कुठे, बेडपॅन कुठे धुतात. हे दिवसा करा आणि एकदा रात्री अकरा वाजताही करा. रात्रीचा वॉर्ड वेगळाच असतो.

दोन गोष्टी मुद्दाम बघा, कारण त्या फाइलीत कधीच नसतात. एक, लघवीच्या पिशव्या कशात रिकाम्या करतात. बहुतेक ठिकाणी एकच प्लास्टिकचा जग पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत फिरतो, त्याच ग्लोव्हजनी. क्लेब्सिएलाला याहून सोयीचं वाहन नाही. दोन, इंजेक्शनची पावडर कशात विरघळवतात. आमच्याकडे एकदा नवजात बाळांच्या कक्षात आठवड्याभरात चार बाळांच्या रक्तात एकच जिवाणू निघाला. आम्ही इन्क्युबेटर तपासले, एसीच्या जाळ्या तपासल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर संशय घेतला. शेवटी सापडली ती सलाईनची बाटली: सकाळी उघडलेली, बुचात सुई तशीच खोचलेली, आणि दिवसभर प्रत्येक बाळाचं औषध त्याच बाटलीतून पातळ केलेलं. ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. मी पाहत होते, पण मला ती दिसत नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा: राउंडला गेलं की आधी ट्रॉली बघायची, मग माणसं.

मावशींशी आणि मामांशी ओळख याच आठवड्यात करून घ्या. ‘तपासायला आलेय’ असं वाटलं की दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला खरं काही दिसणार नाही. ‘मावशी, हे पाणी दिवसातून किती वेळा बदलता?’ याचं खरं उत्तर चहाच्या वेळी मिळतं, सर्वांदेखत मिळत नाही.

नमुना

लॅबचं यंत्र कितीही महागाचं असो, बाटलीत जे आलं त्याचंच उत्तर ते देणार. इथे जरा जास्त वेळ थांबते.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्यायचं. त्यासाठी तासभर खोळंबा करायचा नाही, पण पाच मिनिटं काढता येतात. मोठ्या माणसात दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच, दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त. आपल्याकडे खर्चामुळे एकच बाटली पाठवतात आणि तीत जेमतेम तीन मिली रक्त असतं. रक्तात जिवाणू फार विरळ असतात. रक्त कमी म्हणजे सापडण्याची शक्यता कमी, इतका सरळ हिशोब आहे. त्वचा अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनने पुसायची आणि वाळू द्यायची. वाळण्यातच काम होतं. फुंकर मारून वाळवणारे रेसिडेंट मी पाहिलेत, त्यांना प्रेमाने थांबवा. बाटलीचं झाकण काढल्यावर खालचं रबरही अल्कोहोलने पुसायचं, ते निर्जंतुक नसतं. आणि ही बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कधीच नाही.

लघवीचं उलटं. ती दोन तासांत लॅबला पोहोचत नसेल तर फ्रिजमध्येच ठेवायची, नाहीतर वाटेतच जिवाणू वाढतात आणि आकडा फुगतो. कॅथेटर असेल तर नळीवरच्या पोर्टमधून सुईने घ्यायची. पिशवीच्या तोटीतून घेतलेली लघवी आणि कॅथेटरचं कापलेलं टोक लॅबने परत पाठवायलाच हवं. परत पाठवताना फोन करा, नुसता शिक्का मारून पाठवू नका. पाठवणाऱ्या सिस्टरला कारण कळलं तर पुढच्या वेळी नमुना नीट येतो.

थुंकीच्या बाबतीत लॅबने आधी स्लाइड बघायची. कमी पॉवरच्या एका क्षेत्रात दहाहून कमी त्वचापेशी आणि पंचवीसहून जास्त पू-पेशी असतील तर ती छातीतली. नाहीतर लाळ आहे. तिचं कल्चर म्हणजे तोंडातल्या जिवाणूंची यादी. जखमेचा नमुना घेताना वरचा पू पुसून टाका, सलाईनने धुवा आणि मग खोलातला ऊतीचा तुकडा किंवा सुईने ओढलेला पू पाठवा.

फॉर्मवर ‘ताप’ एवढंच लिहून येतं. त्यावर भरतीची तारीख, नळ्या कोणत्या आणि कधी घातल्या, चालू अँटिबायोटिक कोणतं, हे लिहून घेण्याची सवय लावा. संसर्ग बाहेरून आला की आपल्याकडे झाला, हे ठरवायला भरतीची तारीख लागते. साधारण ४८ तासांनंतर सुरू झालेला संसर्ग आपल्या खात्यात धरतात.

लॅबमध्ये: यंत्र नसेल तरी अडत नाही

ब्लड कल्चरची बाटली पॉझिटिव्ह झाली की त्याच तासात ग्राम स्टेन करून फोन करायचा. ‘ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसताहेत’ एवढ्या वाक्यानेही आयसीयूतला डॉक्टर औषध बदलू शकतो. नेमका जिवाणू दुसऱ्या दिवशी कळतो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालेल ते, बहुधा तिसऱ्या दिवशी.

चकत्यांची पद्धत (जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवून तिच्याभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ मोजायचं) जुनी आहे, पण चोख केली तर भरवशाची आहे. म्युलर-हिंटन आगर ४ मिलिमीटर खोलीचंच हवं. प्लेट पातळ ओतली की वर्तुळं मोठी येतात आणि दाद न देणारा जिवाणू साळसूद दिसतो; जाड ओतली की उलटं होतं. पैसे वाचवायला पातळ प्लेट ओतणाऱ्या लॅब असतात. जिवाणूचं मिश्रण ०.५ मॅकफरलंड गढूळपणाचं, १५ मिनिटांच्या आत पसरलेलं, ३५ अंशांवर १६ ते १८ तास. सोबत नियंत्रणाचा, म्हणजे ज्याचं वर्तुळ किती यायला हवं ते आधीच ठाऊक आहे असा, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ठेवायचाच. त्याचं वर्तुळ मर्यादेबाहेर गेलं तर त्या दिवशीचे रुग्णांचे रिपोर्ट थांबवायची हिंमत ठेवा.

सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्याप्रमाणे क्लेब्सिएला आणि त्याच्या भाऊबंदांसाठी १० मायक्रोग्रॅमच्या मेरोपेनेम चकतीभोवती २३ मिमी किंवा जास्त म्हणजे संवेदनशील, १९ किंवा कमी म्हणजे रोधक, दाद न देणारा. १९ किंवा कमी दिसलं की पुढची पायरी एमसीआयएम, म्हणजे जिवाणू कार्बापेनेम तोडणारं एन्झाइम बनवतो का ते बघायची चाचणी. ही माझी लाडकी चाचणी, कारण तिला लागणारं सगळं साध्या लॅबमध्ये असतं.

१ मायक्रोलिटरच्या लूपने जिवाणूची वाढ उचला आणि २ मिली ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये कालवा. त्यात मेरोपेनेमची चकती बुडवा, ३५ अंशांवर चार तास ठेवा. मग ती चकती बाहेर काढून जादा पाणी नळीच्या कडेला निपटा आणि ई. कोलाय २५९२२ पसरलेल्या ताज्या प्लेटवर ठेवा. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती वर्तुळ ६ ते १५ मिमी आलं, तर त्या चार तासांत जिवाणूने चकतीतलं औषध खाऊन टाकलं: कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह. १९ किंवा जास्त आलं तर निगेटिव्ह. मधे अडकलं तर पुन्हा करा. १६ ते १८ च्या वर्तुळात टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसल्या तर ते पॉझिटिव्हच धरतात. दुसऱ्या एका नळीत ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घालून हीच चाचणी समांतर केली आणि वर्तुळ ५ मिमी किंवा अधिक वाढलं, तर एन्झाइम धातूवर चालणारं, म्हणजे बहुधा एनडीएम. बजेट असेल तर गर्भचाचणीसारख्या पट्ट्याही मिळतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी वगैरे नावानिशी सांगतात.

हे नाव कळण्याला उपचारात किंमत आहे. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम ऑक्सा-४८ वर चालतं, पण एनडीएमवर एकट्याने चालत नाही. तिथे ॲझट्रिओनामची जोड द्यावी लागते. या औषधांचा दिवसाचा खर्च ऐकून नातेवाइकांचा चेहरा पडतो. चुकीच्या औषधावर तो खर्च होऊ नये, एवढं लॅब नक्की करू शकते.

नव्या माणसाने भिंतीवर चिकटवून ठेवावेत असे काही ‘असा रिपोर्ट आला तर सही करू नका’चे नमुने: क्लेब्सिएला ॲम्पिसिलीनला संवेदनशील, प्रोटियस किंवा सेरेशिया कोलिस्टिनला संवेदनशील, एन्टेरोकॉकस सेफॅलोस्पोरिनला संवेदनशील. हे जन्मजात रोधक आहेत, तेव्हा कुठेतरी ओळख चुकली आहे. कोलिस्टिनची चकती प्लेटवर ठेवून आलेला निकाल कुठल्याच जिवाणूसाठी ग्राह्य नाही, कारण ते औषध आगरमध्ये नीट पसरत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी व्हॅन्कोमायसिनच्या चकतीवरही विसंबू नये. एमआरएसए ओळखायला मात्र सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची साधी चकती पुरते: २१ मिमी किंवा कमी म्हणजे एमआरएसए.

फोन

रिपोर्ट संगणकात टाकला म्हणजे कळवला, असं नसतं. शनिवारी दुपारी टाकलेला रिपोर्ट सोमवारच्या राउंडला उघडतो. मधल्या चाळीस-पंचेचाळीस तासांत त्या रुग्णाला कितीतरी हात लागलेले असतात, आणि तेच हात शेजारच्या खाटेलाही. माझ्या मते या कामाचा सगळा जीव या मधल्या वेळात आहे. यंत्राने वाचवलेले सहा तास रिपोर्टच्या ट्रेमध्ये फुकट जातात.

म्हणून एक साधी वही ठेवा: कोणत्या रुग्णाचा, काय निघालं, किती वाजता, कुणाला सांगितलं, त्यांनी परत वाचून दाखवलं का. लॅबने दोन फोन करायचे: एक उपचार करणाऱ्या डॉक्टरला, दुसरा तुम्हाला. रात्री तुम्ही नसाल तर आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरला. एमसीआयएमच्या निकालाची वाट पाहू नका. मेरोपेनेमचं वर्तुळ लहान दिसलं तेवढ्यावर रुग्ण वेगळा करा. निकाल निगेटिव्ह आला तर उद्या परत आणता येईल.

खाटेपाशी, पहिले दोन तास

वेगळी खोली असेल तर उत्तम. बहुतेक ठिकाणी नसते. मग कोपऱ्यातली खाट, शक्यतो बेसिनपासून दूर, आणि जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ. रेघ ओलांडायची तर हात स्वच्छ करून, ग्लोव्हज आणि गाऊन घालून. बाहेर येताना दोन्ही आतच काढून, पुन्हा हात स्वच्छ करून. बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, थर्मामीटर, लघवीचा जग त्या खाटेचे स्वतंत्र. एक्स-रेचं पोर्टेबल यंत्र आलं तर प्लेट पिशवीत घालून वापरायची आणि यंत्र पुसून मगच पुढे न्यायचं. असे दोन-तीन रुग्ण असतील तर ते एकत्र एका बाजूला, आणि जमल्यास त्यांची सिस्टरही वेगळी.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात परिणामकारक. इस्रायलमध्ये २००६-०७ च्या सुमाराला असाच क्लेब्सिएला देशभर पसरला. मार्च २००७ पासून त्यांनी सर्व रुग्णालयांना सक्ती केली: प्रत्येक रुग्ण कळवायचा, वेगळा ठेवायचा, त्याला स्वतंत्र परिचारिका द्यायची. दर लाख रुग्णदिवसांमागे (रोज भरती असलेल्या रुग्णांची बेरीज म्हणजे रुग्णदिवस) महिन्याला नवे रुग्ण ५५.५ होते, मे २००८ पर्यंत ते ११.७ वर आले. नवं औषध कुठलंच नव्हतं. तुमच्या मेट्रन म्हणतील, ‘एका पेशंटला एक सिस्टर कुठून आणू?’ त्यांचं म्हणणं खरं आहे. मग निदान त्या पाळीत ती सिस्टर या रुग्णाचं काम शेवटी करेल, एवढं ठरवून घ्या.

खाटेवर पाटी लावताना जिवाणूचं नाव लिहू नका, फक्त ‘स्पर्शाची काळजी’ आणि ग्लोव्हज-गाऊनचं चित्र. नातेवाइकांशी मात्र त्याच दिवशी बसून बोला. गाऊन घातलेली माणसं अचानक दिसू लागली की घरचे घाबरतात, गावाकडे ‘काहीतरी भयंकर झालंय’ असा फोन जातो. सांगायचं असं: ‘आजींच्या शरीरात एक जिवाणू सापडलाय, त्याच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत. तुम्ही भेटायला या, हात धरा. फक्त आत जाताना आणि येताना हात चोळा, आणि इथून दुसऱ्या पेशंटकडे जाऊ नका.’

हात

याबद्दल इतकी पोस्टर्स आहेत की मी थोडक्यात उरकते. अल्कोहोलचा हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील किंवा क्लॉस्ट्रिडिऑइड्स (आधीचं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिलचे जुलाब असतील तर साबण-पाणीच, कारण अल्कोहोल त्याच्या बीजाणूंना मारत नाही. पाच वेळा सगळ्यांना पाठ असतात: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर, त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटची वेळ सगळे विसरतात. खाटेचा कठडा, मॉनिटरचं बटन, सलाईन पंप.

पोस्टरवर नसतं ते हे. सकाळी चढवलेले आणि दुपारी उतरवलेले ग्लोव्हज हातांपेक्षा वाईट. ते घालून फोनही उचलला जातो. द्रव साबणाची अर्धी झालेली बाटली वरून भरायची नाही. रिकामी करून, धुऊन, वाळवून मग भरायची, नाहीतर साबणातच स्यूडोमोनास नांदतो. आणि लोक खरंच हात चोळतात का, हे लपून पाहण्यापेक्षा स्टोअरमधून महिन्याला हँडरब किती लिटर गेला ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ मापदंड आहे दर हजार रुग्णदिवसांमागे २० लिटर. आमचा पहिला आकडा इतका कमी आला की मला वाटलं स्टोअरकीपरने पॉइंट चुकवला. चुकवला नव्हता.

न दिसणारे रुग्ण

क्लेब्सिएला ज्याला आजारी करतो त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या आतड्यात तो नुसता बसलेला असतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था) क्लिनिकल सेंटरमध्ये केपीसीवाला क्लेब्सिएला असलेली एक रुग्ण जूनमध्ये आली. तिला पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं होतं. जुलैच्या मध्यावर ती घरी गेली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जिवाणू निघाला, आणि मग एकेक करत एकूण १८ जणांत. ११ दगावले, त्यांतले ६ या संसर्गाने. जीनोम वाचल्यावर कळलं की जिवाणू पहिल्या रुग्णाचाच होता. मधले आठवडे तो कुणाच्या तरी आतड्यात गुपचूप राहून पुढे सरकत होता. पुसून घेतलेल्या एका व्हेंटिलेटरवर आणि बेसिनच्या ड्रेनमध्येही तो सापडला.

म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या आजूबाजूच्या खाटांवरच्या आणि त्याच सिस्टरच्या देखरेखीखालच्या रुग्णांचे रेक्टल (गुदद्वारातले) स्वॅब घ्या. स्वॅबला विष्ठा लागलेली दिसली पाहिजे. कोरडा स्वॅब म्हणजे खोटा दिलासा. दर आठवड्याला परत घ्या, नवा कुणी सापडत नाही तोवर. दुसऱ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून बदलून आलेल्या रुग्णाचा स्वॅब भरतीच्याच दिवशी.

आणि स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून अँटिबायोटिक सुरू होता कामा नये. तो वाहक आहे, आजारी नाही. कॅथेटर असलेल्या, ताप नसलेल्या रुग्णाच्या लघवीत जिवाणू निघाला तरी तेच. या एका गोष्टीवरून तुमचे डॉक्टरांशी सर्वांत जास्त वाद होतील. आवाज न चढवता, फाइलवर ‘वाहकावस्था, लक्षणं नाहीत’ असं लॅबकडून लिहून घ्या. लिहिलेल्याचा उपयोग होतो.

बेसिन, फडकं आणि बादली

बेसिन हात धुण्यासाठी आहे. त्यात उरलेलं सलाईन, चहा, ट्यूबमधलं दूध, लघवी ओतली की ड्रेनमधल्या जिवाणूंची रोजची खानावळ सुरू होते. नळाची धार थेट जाळीवर पडली की तिथले तुषार आसपास उडतात. बेसिनशेजारी औषधांचा ट्रे ठेवत असतील तर तो आजच हलवा.

हायपोक्लोराइटचं गणित नव्या माणसाकडून हमखास चुकतं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ भाग द्रावण आणि ४ भाग पाणी म्हणजे १ टक्का. १० टक्क्यांची असेल तर १ भाग आणि ९ भाग पाणी. रोज सकाळी ताजं करायचं, झाकून ठेवायचं, दुसऱ्या रसायनात मिसळायचं नाही. आधी साबण-पाण्याने घाण काढायची, मग हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. मळावर ओतलेलं क्लोरीन मळच खाऊन टाकतो. मॉनिटर आणि पंपावर मात्र ते नको, धातू गंजतो; तिथे ७० टक्के अल्कोहोल.

पुसायचा क्रम स्वच्छाकडून घाणीकडे, वरून खाली, आणि एका खाटेचं फडकं दुसऱ्या खाटेला नाही. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, तेव्हा रुग्ण गेल्यानंतरची खाट, गादी, पडदा ही खरी परीक्षा. रोज सगळीकडचे स्वॅब घेऊन जमिनीचं कल्चर करण्यात पैसे घालवू नका, त्यातून काही शिकायला मिळत नाही. साथ असेल तेव्हा, शंका असेल तिथेच घ्या.

नळ्या काढा

रोजच्या राउंडला एकच प्रश्न विचारायचा: ही नळी आज हवी आहे का? कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची उशाची बाजू ३० ते ४५ अंश उंच. सेंट्रल लाइन घालताना पूर्ण झाकणी (टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज आणि रुग्णावर मोठी चादर), क्लोरहेक्सिडीन, आणि शक्यतो मांडीची शीर टाळून. मिशिगनमधल्या आयसीयूंनी अशा पाच-सहा साध्या गोष्टींची यादी पाळली आणि हजार कॅथेटर-दिवसांमागे (इथे कॅथेटर म्हणजे सेंट्रल लाइन) २.७ असलेला मध्यक संसर्गदर तीन महिन्यांत शून्यावर आला; हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे नियम चुकला तर परिचारिकेला डॉक्टरचं काम थांबवायची मुभा होती. आपल्याकडे ती मुभा कागदावर तरी आणा, वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने.

औषधं आणि आकडे

पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली तेव्हा आपल्याकडे चिंता होती पेनिसिलीन पुरेसं मिळण्याची. आता चिंता आहे मेरोपेनेम पहिल्याच दिवशी सुरू होण्याची. औषध ठरवणं तुमचं काम नाही, पण वेळेवर आठवण देणं आहे: ‘सर, कल्चर आलंय, साध्या औषधाला संवेदनशील आहे, बदलायचं का?’ ४८ ते ७२ तासांनी हा प्रश्न प्रत्येक मेरोपेनेमवाल्या रुग्णासाठी विचारला गेला पाहिजे. ऑपरेशनच्या आधीचा डोस चिरा देण्याच्या तासाभरात, आणि टाके घातल्यावर बहुतेक ऑपरेशनांत पुढे चालू ठेवायचं नाही. ‘ड्रेन काढेपर्यंत’ ही सवय मोडायला वर्ष लागतं.

मोजताना संख्या नव्हे, दर काढा. महिन्यात सेंट्रल लाइनचे ४ संसर्ग झाले आणि सर्व रुग्णांचे मिळून लाइनचे दिवस ८०० भरले, तर दर हजारी ५. लाइनचे दिवस रोज एकाच ठराविक वेळी मोजायचे, मी रात्री बारा ठरवली होती. वर्षाचा अँटिबायोग्राम (कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो याचा तक्ता) करताना एका रुग्णाचा त्या जिवाणूचा पहिलाच नमुना धरायचा आणि ३० पेक्षा कमी नमुने असतील तर टक्केवारी छापायची नाही. असे आकडे काढणारं व्होनेट (WHONET) हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला दोन दुपारी पुरतात. दर वाढलेला दिसला तर लपवू नका. नुकती मोजणी सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णालयाचा दर पहिल्या वर्षी वाढतोच, हे रुग्णालयाच्या इन्फेक्शन कंट्रोल समितीला आधीच सांगून ठेवा.

घरी जाताना

रुग्ण बरा झाला तरी आतड्यातला जिवाणू काही महिने, कधी वर्षभरही राहतो. डिस्चार्ज कार्डवर हे स्पष्ट लिहायचं, दुसऱ्या रुग्णालयात पाठवत असाल तर रुग्णवाहिका निघण्याआधी तिकडे फोन करायचा. यामुळे बेड नाकारला जाईल या भीतीने लोक लपवतात. लपवलं की तो तिथल्या वॉर्डात पसरतो आणि तिथून दुसराच कुणी फिरून आपल्याकडे येतो.

घरच्यांना सांगायचं की ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, नातवंडांना जवळ घ्या, फक्त संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. पुढे कधी ताप आला आणि दवाखान्यात जावं लागलं तर हे कार्ड सोबत न्या. आणि आपल्या रेकॉर्ड रूममध्ये त्या फाइलच्या कव्हरवर एक लाल टिकली चिकटवा, म्हणजे तो परत भरती झाला तर केस पेपर काढणाऱ्या क्लार्कलाच पहिल्यांदा कळेल आणि स्वॅब येईपर्यंत त्याला कोपऱ्यातली खाट मिळेल.